रूममेट्सनी आपसात केलेला लेखी करार : तुमचे अनुभव सांगा

घरमालकासोबत लिव्ह अँड लायसन्स करार होतोच. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे तो लेखी आणि नोंदवलेला लागतो, अकरा महिन्यांचा असला तरी. पण चौघींतली एक मधेच निघाली तर काय, याबद्दल त्यात अवाक्षर नसतं. माझी मुलगी पुढच्या महिन्यात पुण्यात मैत्रिणींसोबत फ्लॅट घेते आहे. तुम्ही आपसात काय लिहून ठेवलं होतंत? काय राहून गेलं?

*

आम्ही चौघं कोथरूडला होतो. डिपॉझिट ८० हजार, प्रत्येकी २०. सहाव्या महिन्यात एकाला बंगळूरला नोकरी लागली. त्याच्या जागी आलेल्या मुलाने त्याला २० हजार दिले, विषय संपला असं वाटलं. घर सोडताना मालकांनी फुटलेलं बेसिन आणि रंगकामाचे १२ हजार कापले. नवा मुलगा म्हणाला, "बेसिन मी यायच्या आधीच फुटलेलं होतं, मी का भरू?" त्याचं बरोबरच होतं. गेलेला मित्र फोन उचलेना. आम्ही तिघांनी चार-चार हजार सोसले. पैशांपेक्षा तो मित्र तुटल्याचं अजून वाईट वाटतं.

पुढच्या घरात पहिल्याच रात्री कागद केला: प्रत्येक खोलीचे फोटो ग्रुपवर टाकायचे, महिनाभर आधी सांगायचं, आणि माणूस बदलेल त्या दिवशी मोडतोड पाहून जाणाऱ्याच्या वाट्याचे पैसे वळते करायचे. तसं दोनदा झालं, दोन्ही वेळा कुरबूर नाही.

*

ठाण्यात आम्ही तिघी. एसी एकाच खोलीत, म्हणून उन्हाळ्यात वाढलेलं वीजबिल त्या खोलीचं, हे लिहिलं होतं. मावशींचा पगार लिहायचा राहिला. एक जण महिनाभर गावी गेली, तेव्हा त्यावरूनच वाजलं.

*

जर्मनीत शिकताना मी मुख्य भाडेकरूकडून खोली घेतली होती. मालकाची परवानगी आणि वेगळा लेखी पोटभाडेकरार झाल्याशिवाय त्याने किल्ली दिली नाही. तेव्हा त्याचा राग आला होता. आता मीही असंच करते.

*

वकील म्हणून एक सांगते. आपसातला कागद मालकावर बंधनकारक नसतो. त्यामुळे नोंदवलेल्या करारात चौघींचीही नावं घालून घ्या, आणि डिपॉझिट कोणी किती दिलं ते बँकेतून गेलेलं असू द्या, रोख नको.

*

सगळ्यांचे आभार. आत्ताच मुलीला फोन केला. करारात दोघींचीच नावं घालायचं ठरत होतं. आज संध्याकाळी चौघी एजंटशी बोलणार आहेत.