लेडीज डब्यात ती बसली तर काय बिघडलं?

वाशीवाली: ठाण्याच्या दहा नंबरवरून सकाळची वाशी लोकल पकडते, अकरा वर्षं झाली. आमचा ग्रुप ठरलेला, जागाही ठरलेली. जूनपासून एक तृतीयपंथी मुलगी आमच्या लेडीज डब्यात चढते. कॉटनचा कुर्ता, गळ्यात ऑफिसचं आयकार्ड, कोपरखैरण्याला उतरते. कुणाच्या अध्यात ना मध्यात. काल ऐरोलीला सीट रिकामी झाली. ती टेकणार तेवढ्यात आमच्यातल्या एकीने तिथे पर्स ठेवली. मुलगी काही बोलली नाही. दरवाज्यापाशी जाऊन दोन्ही हातांनी दांडा धरून उभी राहिली, उतरेपर्यंत मान खाली. मला रात्रभर झोप नाही. पर्स ठेवणारी माझी जिवाभावाची मैत्रीण आहे, आणि मी तेव्हा गप्प बसले. तिच्याशी कसं बोलू?

रबाळे: ताई, तिला आधी भीती कसली ते विचारा. मला रात्री रिकाम्या लेडीज डब्यात एका माणसाने गाठलं होतं. अजून मागून पुरुषी आवाज आला की अंग आकसतं. उद्या कुणीही ओढणी घेऊन चढला तर?

पांढरी कॉलर: वकिली करते, ठाण्यात. रेल्वे कायदा १९८९, कलम १६२, राखीव डब्यात शिरणाऱ्या पुरुषासाठी आहे. आणि आपली लिंगओळख ज्याची त्याने ठरवायची, हे सुप्रीम कोर्टाने एप्रिल २०१४ मध्ये नालसाच्या (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या) खटल्याच्या निकालात मान्य केलंय. रबाळे, तुमच्यावर जे गुदरलं ते भयंकरच. पण तो माणूस ओढणी घेऊन आला होता का? असे लोक शर्टपँटमध्येच चढतात हो. छेड काढणारा कोणीही असो, साखळी ओढा, रेल्वेच्या हेल्पलाइनला, १३९ ला, फोन करा.

घणसोली: मी ट्रान्स बाई. दोन वर्षं जनरलमधून गेले. गर्दीत कमरेला हात लागायचे, म्हणून मुठीत सेफ्टी पिन धरून उभी राहायचे. लेडीजमध्ये पर्स ठेवतात, तोंड फिरवतात. ते सोसतं. पिन लागत नाही.

वाशीवाली: आज मैत्रिणीला तुमचं सगळं गाडीतच वाचून दाखवलं. ऐरोलीपर्यंत ती गप्प. मग म्हणाली, "पिन माझ्याही पर्समध्ये असते, कॉलेजपासून." आज पर्स मांडीवर होती. ती मुलगी मात्र चढलीच नाही. गाडी सुटेपर्यंत मी दाराकडे बघत होते. उद्या दिसली की मीच हाक मारणार आहे.