विषय: बाबांच्या बॅटरीचे सेल, गुरुवारी निघतोय

मंडळी,
गुरुवारचं विमान आहे म्हणून घाई. निफाडला बाबांच्या हातातल्या बॅटरीसाठी (टॉर्चसाठी) सेल न्यायचेत. तीच लांब नळीची, एकामागे एक दोन सेल बसतात ती. पोराने वेप (ई-सिगारेट) सोडलं (माईंना माहीत आहे), त्याच्या खणात त्यातले १८६५० मापाचे सहा लिथियम सेल पडलेत, दोनेक वर्षं वापरलेले. हेच नेऊ की नवे घेऊ? बाबांकडे या आठवड्यात शेतीची लाईट रात्रीची आहे. बाराला द्राक्षात मोटार चालू करायला जावं लागतं, आणि बिबट्याचं तुम्हाला ठाऊकच आहे. मधेच बंद पडलेली चालणार नाही. गणपतीत कुणीतरी सेलबद्दल सविस्तर लिहिलं होतं, सापडत नाही.
नाना

—

नाना,
मीच लिहिलं होतं, सजावटीच्या दिव्यांच्या वेळी. सहाच्या सहा नेऊ नकोस. एका नळीत दोन सेल असले की दोघे सारखे लागतात: एकाच कंपनीचे, एकाच दिवशी घेतलेले, एकत्रच वापरलेले. एक थकलेला असला तर तो आधी रिकामा होतो आणि दुसरा त्याच्यातून प्रवाह ढकलतच राहतो, मग त्याचे धन-ऋण उलटे होतात. तिथून पुढे सेल तापतो, फुटतोही. पोराने जोड्या लावून ठेवल्या होत्या का, ते विचार. नसतील तर विषय संपला.

नवे घेताना मोठ्या आकड्याला भुलू नकोस. या मापात (१८ मिमी जाड, ६५ मिमी लांब) बहुतेक खरे सेल ३५०० ते ३६०० एमएएचपर्यंतच जातात (एमएएच म्हणजे सेलचा साठा). ९९०० लिहिलेला दिसला की हातात घेऊ नकोस. मागच्या डिसेंबरात माझ्या मेव्हण्याने असाच एक घेतला. सराफ बाजारात ओळखीच्या दुकानात तोळ्याच्या काट्यावर ठेवला तर ३१ ग्रॅम. खरा ४५ च्या पुढे भरतो. नुसता पत्रा जड, आत माल नाही.

वेपवाले आणखी एक आकडा बघतात, सेल सलग किती अँपिअर देऊ शकतो तो. ०.२ ओहमची कॉइल (वेपमधली तापणारी तार) भरलेल्या सेलच्या ४.२ व्होल्टला २१ अँपिअर ओढते. त्याला २० अँपिअरचाही सेल कमी पडतो. सॅमसंगचा २५आर २५०० एमएएच आणि २० अँपिअरचा, मोलिसेलचा पी२६ए २६०० आणि ३५ चा. दोन्ही साठ्याला वरच्या ३५०० च्या बरेच खाली. प्रवाह वाढवायचा तर साठा सहसा कमी होतो, दोन्ही एकदम मिळत नाही. बाबांच्या बॅटरीला एवढी ओढ नाही, तिथे साठा बघ.
अण्णा

—

अण्णांनी सेलचं सांगितलं, मी कायद्याचं सांगते. नाना, सेल ने, पण ते वेपचं यंत्र चुकूनसुद्धा बॅगेत राहू देऊ नकोस. भारतात २०१९ च्या कायद्याने आयात, विक्री, सगळं बंद आहे. पहिल्याच गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. पोराची जुनी सॅक तू नेतोस, तिचे कप्पे आधी उलटे करून बघ. आणि त्याने सोडलं याचा मला फार आनंद झाला, त्याला सांग.
माई

—

यात मोठी अडचण कुणी लिहिलीच नाही. वेपचे सेल वरून सपाट असतात. बाबांच्या बॅटरीला वर टोक असलेलाच सेल लागतो, नाहीतर टेकत नाही. मीही निफाडला अशीच आणली होती. वर छोटं गोल लोहचुंबक चिकटवायचं, चालते. दोन वर्षं चालवली.
आप्पा

—

आप्पा, नको. हात जोडून सांगतो. चुंबक सरकलं की कडेला टेकतं, आणि सेलचं अख्खं अंग ऋण असतं, फक्त वरची मधली चकती धन. मधे एक पांढरं कागदी कडं आणि वरची पातळ प्लास्टिकची कातडी, एवढाच काय तो आडोसा. भाच्याच्या सेलची कातडी त्या कड्यापाशी नखाएवढी फाटली होती. तसाच जॅकेटच्या खिशात टाकला, सोबत किल्ल्यांचा जुडगा. बसमध्ये खिसा तापला तेव्हा त्याला आधी वाटलं मोबाईल आहे. मांडीवर तळहाताएवढा डाग अजून आहे. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने २०२१ मध्ये सुटे १८६५० वापरूच नका असा इशारा दिला, तो अशाच प्रकारांमुळे.

नाना, टोक असलेला आणि आत संरक्षण पट्टी (सेल फार रिकामा झाला किंवा शॉर्ट झाला की प्रवाह तोडणारी) असलेलाच घे. वेपमध्ये ते काम यंत्र करतं, म्हणून तिथे उघडे सेल चालतात. साध्या बॅटरीत ते बघणारं कुणी नसतं. फक्त पट्टीमुळे लांबी ६९ मिमीच्या आसपास जाते, नळीत मावतो का ते आधी मोजून घे.
अण्णा

—

आप्पांनी चुंबकाने दोन वर्षं चालवली यात खोटं काही नाही, अण्णांनी एवढं धारेवर धरायला नको होतं. आणि गणपतीच्या सजावटीचे सेल आमच्या समितीने घेतले होते, यादी माझ्याकडे आहे. तेव्हाही टोकाचे आणि पट्टीचेच घेतले. कुणाला हवी असेल तर माझ्याकडे मागा, अण्णांकडे नको.

विमानात सुटे सेल हातातल्या बॅगेतच. खाली टाकायच्या बॅगेत एकही नाही. प्रत्येकाला वेगळी प्लास्टिकची डबी. मर्यादा १०० वॅट-तासाची आहे, ३००० एमएएच म्हणजे ३ अँपिअर-तास, ते ३.६ व्होल्टने गुणले तर १०.८ होतात, काळजी नाही.
ताई

—

ताई, मला वाईट नाही वाटलं. अण्णांचं वाचून काल चुंबक काढलं. खाली सेलवर काळा ठिपका निघाला, मसुराच्या दाण्याएवढा. मला कधी दिसला नव्हता. नाना, माझं ऐकू नकोस.
आप्पा

—

सगळ्यांचे आभार. बाबांना फोनवर जुना सेल मोजपट्टीने मोजायला लावला. चष्मा शोधण्यात दहा मिनिटं गेली, पण ६९ निघाला आणि वर टोक आहे. म्हणजे संरक्षण पट्टीवालाच होता. एकाच दुकानातून चार घेतले, दोन दोनच्या जोड्यांवर पेनाने अ आणि ब लिहिलं. अ-ब कधी मिसळायचे नाहीत हे आईला सांगणार, बाबा विसरतील. चार्जर ४.२ व्होल्टला थांबणारा घेतला. उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये सेल ठेवू नका, हेही सांगतो.

पोराचे सहा मी इथेच पुनर्वापरासाठी जमा करतोय. घरी कुणाचे असे सेल असतील तर कचऱ्यात टाकू नका, बुधवारपर्यंत माझ्याकडे द्या, सगळे एकदम नेतो. टोकांना चिकटपट्टी लावून आणा.
नाना