‘त्यांना सांगू नका’ असं नातेवाइकांनी सांगितलं, तर डॉक्टरांनी ऐकावं का?

केतकी
बाबांच्या स्वादुपिंडाच्या कॅन्सरचा रिपोर्ट आला, तेव्हा आम्ही दोघा भावंडांनी डॉक्टरांना केबिनच्या दारातच गाठलं. "बाबांना काही बोलू नका, ते खचतील." डॉक्टरांनी मान डोलावली. घरी येऊन मी गोळ्यांच्या बाटलीवरचं लेबल नखानं खरवडून काढलं. बाबांना सांगितलं, पित्ताशयाला सूज आहे.

साध्या तापातसुद्धा ‘मी बरा कधी होणार’ म्हणून दहादा विचारणारा हा माणूस. त्या अडीच महिन्यांत त्यांनी एकदाही तसं विचारलं नाही. उलट एका दुपारी आईला शेजारी बसवून फोनवरून वीजबिल कसं भरायचं ते शिकवत होते. ती म्हणाली, "तुम्ही आहात की भरायला." ते म्हणाले, "तू भरून दाखव." मी दारात उभी होते आणि तेव्हाही तोंड उघडलं नाही.

त्यांना कळलं होतं, याबद्दल मला आता शंका नाही. आम्ही त्यांना जपत होतो आणि ते आम्हाला. या सगळ्यात निरोप घ्यायचा राहून गेला. माझं मत स्पष्ट आहे: डॉक्टरांनी आमचं ऐकायला नको होतं. आजार बाबांचा होता, तो त्यांच्यापासून लपवा असं सांगण्याचा हक्क आम्हाला नव्हता. तुम्हाला काय वाटतं?

अनिकेत
केतकी, वाचून वाईट वाटलं. तरी असहमत.

माझ्या आईला नैराश्याचा जुना त्रास होता. मावशीला कॅन्सर निघाला तेव्हा आई आठवडाभर अंथरुणातून उठली नव्हती. तिच्या स्वतःच्या वेळी आम्ही लपवलं. ती सात महिने जगली आणि त्यातले पाच चांगले गेले. रोज संध्याकाळी नातीचा अभ्यास घ्यायची.

रुग्णाची स्वायत्तता वगैरे मी वाचलं आहे. पण आईनं आयुष्यात एकही मोठा निर्णय एकटीनं घेतला नाही. तिला तसं नकोच असायचं, "तुम्ही ठरवा" म्हणायची आणि निवांत व्हायची. सगळ्यांत अवघड गोष्ट मात्र तिनं एकटीनं पेलायची? पुन्हा ती वेळ आली तर मी पुन्हा लपवीन.

निरामय
मी कॅन्सरवर उपचार करणारा डॉक्टर. नातेवाईक दारात गाठतात हे जवळजवळ रोजचंच आहे.

थोडा इतिहास सांगतो, कारण ‘डॉक्टरनं खरं सांगावं’ ही अपेक्षा वाटते तितकी जुनी नाही. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या १८४७ च्या संहितेत म्हटलं होतं की रुग्णाचं आयुष्य डॉक्टरच्या कृतीनंच नव्हे, तर शब्दांनी आणि वागण्यानंही कमी होऊ शकतं. १९६१ साली डोनाल्ड ओकेन यांनी शिकागोतल्या डॉक्टरांना विचारलं, तेव्हा सुमारे ९० टक्के जणांचा कल कॅन्सर आहे हे न सांगण्याकडे होता. १९७९ मध्ये डेनिस नोव्हॅक आणि सहकाऱ्यांनी तीच प्रश्नावली रॉचेस्टरच्या डॉक्टरांना दिली, तर ९७ टक्के जणांचा कल सांगण्याकडे! अठरा वर्षांत माणसाचं मन बदललं नव्हतं. उपचार सुधारले होते, आणि अमेरिकेतल्या टस्कीगी इथल्या वैद्यकीय अभ्यासाचं प्रकरण १९७२ मध्ये बाहेर आल्यावर संमतीकडे बघण्याची दृष्टीही बदलली होती. तिथे सिफिलिस झालेल्या शेकडो कृष्णवर्णीय पुरुषांना चाळीस वर्षं त्यांचा आजार नीट सांगितलाच गेला नव्हता.

आणि रोजची अडचण वेगळीच. ‘पित्ताशयाची सूज’ म्हणून मी केमो कशी देऊ? संमतीपत्रावर सही कशाची घेऊ?

अनिकेत
डॉक्टर, तुमचे दोन्ही आकडे डॉक्टरांना काय वाटतं याचे आहेत. नव्वदाचे सत्त्याण्णव झाले, तेही उलट्या दिशेनं. आधी तुम्ही लोक खात्रीनं लपवत होता, मग खात्रीनं सांगू लागलात. माझी आई दोन्हीत कुठे आहे?

तुम्ही म्हणाल, पेशंटलाच विचारा की किती जाणून घ्यायचंय. अहो, रिपोर्ट समोर ठेवून "तुम्हाला सगळं सांगू का?" असं विचारणं म्हणजेच सांगणं झालं. आई मूर्ख नव्हती.

निरामय
आकड्यांबद्दलचं तुमचं म्हणणं मान्य. ओकेन यांचाही निष्कर्ष साधारण असाच होता: डॉक्टर अनुभवाचा दाखला देत होते, पण मुळाशी त्यांच्या स्वतःच्या भावना आणि आधीच बनवलेलं मत होतं.

विचारण्याबद्दल मात्र सांगतो. म्हणूनच ते बायॉप्सीच्या आधी विचारायचं, कुणालाच काही माहीत नसताना, आणि प्रत्येक पेशंटला. "रिपोर्ट आला की तुमच्याशी बोलू की घरच्या कुणाशी?" बरेच जण म्हणतात, मुलाशी बोला. मग मी मुलाशी बोलतो. युरोपच्या ओव्हिएदो करारात (१९९७) दहाव्या कलमात आपल्या आरोग्याची माहिती मिळण्याचा हक्क आहे, आणि ‘मला नको’ म्हणणाऱ्याची इच्छा पाळावी असंही आहे. तुमच्या आईचं ‘तुम्ही ठरवा’ हा तिचाच निर्णय होता. पण तो या आजाराबाबत तिनं सांगायला हवा, तुम्ही गृहीत धरून चालणार नाही.

रातराणी
मी कॅन्सर वॉर्डात नर्स आहे, बहुतेक रात्रपाळीला. डॉक्टर नातेवाइकांना शब्द देऊन घरी जातात. तो शब्द पाळायचा कोणी? आम्ही.

रात्री दोनच्या सुमारास सलाईन बदलताना मनगट धरून विचारतात, "सिस्टर, खरं सांगा." दिवसा मुलाबाळांसमोर हा प्रश्न कुणी विचारत नाही. एका आजोबांना मी म्हटलं, "सकाळी डॉक्टरांना विचारा." ते म्हणाले, "सकाळी मुलगा असतो." या एका वाक्यानंतर मी नातेवाइकांच्या बाजूनं बोलू शकत नाही. अनिकेत, तुम्ही प्रेमापोटीच केलंत, यात मला शंका नाही. पण खोटं बोलायची पाळी येते ती ज्याला ठरवताना कुणी विचारलेलं नसतं त्याच्यावर.

अनिकेत
रातराणी, ही बाजू माझ्या डोक्यात कधी आली नव्हती. बायॉप्सीच्या आधी विचारावं, हेही मान्य. आम्हाला कुणी विचारलं नव्हतं. पण ते राहूनच गेलं असेल, रिपोर्ट हातात असेल आणि समोर माझ्या आईसारखं माणूस असेल, तर त्या दिवशी काय?

निरामय
त्या दिवशी सगळं सांगायचं नसतंच. नातेवाइकांना मी इतकाच शब्द देतो: मी आपणहून बोलणार नाही, त्यांनी विचारलं तर खोटं बोलणार नाही. काही जण चिडतात, दोघे-तिघे पेशंटला दुसरीकडे घेऊन गेले. नैराश्य असेल तर आधी मानसोपचारतज्ज्ञांना बोलावतो आणि बातमी टप्प्याटप्प्यानं, त्यांच्या सोबतीनं देतो. नैराश्य असलेल्या माणसालाही आपलं आयुष्य किती उरलंय हे कळण्याचा हक्क असतो. त्याला आधार जास्त लागतो, एवढंच.

केतकी
आमच्या डॉक्टरांनी हा शब्द दिला असता तर मीही चिडले असते. तरी तो द्यायला हवा होता.

अनिकेत
आईनं विचारलं होतं. एकदाच, स्कॅनहून परतताना गाडीत. "काही लपवत नाहीस ना रे?" मी नाही म्हटलं. ती खिडकीबाहेर बघत राहिली आणि परत कधी विचारलं नाही. तिला जाणून घ्यायचं नव्हतं, असा मी त्याचा अर्थ लावला. केतकी, तुमच्या बाबांबद्दल वाचल्यापासून तो अर्थ मी पुन्हा पुन्हा तपासतोय. पण तिचे ते पाच महिने मी कुठल्याही तत्त्वासाठी परत द्यायला तयार नाही.