डिग्री नाही, तरी बाहेर नोकरीचा व्हिसा मिळतो का?

अर्धवट_इंजिनियर
कॉलेज मधेच सुटलं, डिग्री नाही. पाच वर्षं झाली फुलटाइम सॉफ्टवेअरमध्ये बॅकएंडचं (सर्व्हर-डेटाबेसचं) काम करतोय, इंटरव्ह्यू निघतात पण शेवटी एचआर डिग्री विचारते आणि गाडी तिथेच अडते. एक एजंट म्हणतोय जर्मनीचं चान्सनकार्टं (तिथे जाऊन नोकरी शोधायची परवानगी) काढून देतो, डिग्रीचा कागद पण मॅनेज करू. मला खोटं काही करायचं नाहीये. सरळ मार्ग आहे का?

राइनकाठी
आधी त्या एजंटला ब्लॉक करा. चान्सनकार्टंला डिग्री नाहीतर निदान २ वर्षांचं मान्यताप्राप्त व्यावसायिक शिक्षण लागतंच, नुसत्या अनुभवावर मिळत नाही. म्हणूनच तो कागद मॅनेज करायच्या गोष्टी करतोय. पण तुम्ही आयटीत आहात ना, मग नोव्हेंबर २०२३ पासून जर्मनीचं ब्लू कार्ड (कुशल लोकांसाठीचा नोकरीचा परवाना) आयटीवाल्यांना डिग्रीशिवायही मिळतं, मागच्या ७ वर्षांत किमान ३ वर्षं अनुभव पाहिजे आणि काम पदवीधराच्या तोडीचं पाहिजे. हातात जॉब ऑफर हवी, पगार ठरलेल्या आकड्याच्या वर हवा, तो आकडा दरवर्षी बदलतो म्हणून सरकारी साइटवरच बघा. त्यात नाही बसलं तर मागच्या ५ पैकी २ वर्षं अनुभवावरचा वेगळा व्हिसा आहे. एचआरला बहुतेक हे माहीतच नसतं, पहिल्या कॉललाच तुम्ही सांगा.

पाना_पक्कड
अनुभवाचं पत्र आत्ताच नीट करून घ्या!! माझ्या जुन्या कंपनीने दोन ओळी दिल्या होत्या, अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत कामाला होते, बस. त्याने काही सिद्ध होत नाही. लेटरहेडवर पद, फुलटाइम की पार्टटाइम, रोज नेमकं काय काम, कुठली टेक्नॉलॉजी, जबाबदारी काय, सही करणाऱ्याचं नाव आणि संपर्क, सगळं यायला हवं. सोबत पगाराच्या स्लिपा आणि बँक स्टेटमेंट जपून ठेवा.

सकुरा_ताई
आयटीत नसणाऱ्यांसाठी सांगते, जपानचा तोकुतेई गिनो (ठरावीक कौशल्याच्या कामांचा) व्हिसा बघा, एप्रिल २०१९ ला सुरू झाला. डिग्री विचारत नाहीत. त्या कामाची परीक्षा आणि जपानी भाषेची एन४ किंवा जेएफटी-बेसिक ही परीक्षा पास व्हायचं. वृद्धांची देखभाल, शेती, बांधकाम, हॉटेल अशी क्षेत्रं आहेत, देखभालीला भाषेची आणखी एक परीक्षा असते. पण या व्हिसाच्या पहिल्या प्रकारात एकूण ५ वर्षंच राहता येतं आणि कुटुंब नेता येत नाही, लेकरं लहान असतील तर हे आधी घरी बोलून घ्या, खूप जड जातं.

नियमवाला
खोटी डिग्री अजिबात नको. कॅनडात खोटे कागद सापडले तर ५ वर्षं बंदी. अमेरिकेच्या एच-१बी या नोकरीच्या व्हिसाला ३ वर्षं अनुभव म्हणजे कॉलेजचं १ वर्ष असा हिशोब लावतात, म्हणजे पूर्ण डिग्रीच्या जागी १२ वर्षं, तुम्हाला आत्ता नाही जमणार.

अर्धवट_इंजिनियर
खूप खूप आभार सगळ्यांचे, ब्लू कार्डचं खरंच माहीत नव्हतं. आज जुन्या मॅनेजरला पत्रासाठी मेसेज टाकतो. ड्राफ्ट इथे टाकला तर बघाल का कुणी?

पाना_पक्कड
टाका की. कंपनीचं नाव आणि पगार झाकून टाका फक्त.