पर्जन्यमान आणि ‘शाकुंतल’ यांचा अभ्यास एकत्र कसा घ्यावा?

प्रश्न (यवतमाळ जिल्हा): मुलीला एकाच आठवड्यात भूगोलातील पर्जन्यमान आणि ‘अभिज्ञानशाकुंतल’मधील शब्दार्थ तयार करायचे आहेत. दोन्हींची सांगड घालता येईल का?

उत्तर १: अवश्य. नाटकाच्या आरंभी नटी ग्रीष्माचे गीत गाते आणि त्यात शिरीषाची फुले येतात. तेथेच थांबून, उन्हाळ्यात जमीन तापल्याने हवेचा दाब कसा घटतो आणि समुद्रावरील बाष्पयुक्त वारे आत कसे ओढले जातात, हे समजावून सांगावे. नुसत्या शब्दांच्या याद्या घोकून घेणे मला व्यर्थ वाटते.

उत्तर २: विदर्भात गडचिरोलीकडे पाऊस अधिक, बुलढाण्याकडे कमी, हेही नकाशावर दाखवावे. अंगणात सरळ काठाचा, सपाट बुडाचा डबा ठेवावा, मात्र कडुनिंबाखाली नको. 24 तासांत किमान 2.5 मिलिमीटर पाणी साचले, तरच हवामान खाते तो ‘पावसाचा दिवस’ धरते.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. डबा उद्याच ठेवतो.