मदत हवी आहे: सिंदी रेल्वे (वर्धा जिल्हा) गावाहून नागपूरच्या मिहानला (आयटी-उद्योग क्षेत्र) अपडाउन

2020 पासून घरूनच काम. आता कंपनीने आठवड्यातून 3 दिवस मिहानला बोलावलंय, 10 वाजता पंच. सूट मागितली, नाही म्हणाले. नागपुरात रूम नको, आई एकटी आहे, कापूस वेचणी सुरू आहे (माझ्या लॅपटॉपच्या टेबलावर सध्या गाठोडी!). गाडीने दोनदा गेलो, हायवेवरच्या ट्रकांनी जीव नकोसा केला. आता रेल्वेचा मासिक पास काढतोय.

पुढे नागपुरात अजनी स्टेशनला उतरून मेट्रोने मिहानजवळच्या खापरीला उलटं यायचं, की पॅसेंजरने थेट खापरी स्टेशन? तिथून मिहानच्या गेटपर्यंत सकाळी ऑटो मिळतो का? रोज जाणाऱ्यांनीच सांगा: 10 च्या आत खात्रीने कसं पोचता?