मदत हवी आहे: मिठापासून पोटॅश वेगळं करायचा ट्रे

अमेरिकेतल्या युटा राज्यात मोआबच्या वाळवंटात पोटॅशची (पोटॅशियम क्लोराईड, खतासाठी वापरतात तो क्षार) निळीशार तळी आहेत. तो रंग मुद्दाम घालतात. त्यामुळे ऊन जास्त शोषलं जाऊन पाणी लवकर उडतं. नागपुरात शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी गच्चीवर हेच दाखवायचंय.

दोन पसरट प्लास्टिक ट्रे. प्रत्येकात 1 लिटर पाणी, 200 ग्रॅम मीठ, 80 ग्रॅम पांढरं म्युरिएट ऑफ पोटॅश (हेच पोटॅश, खताच्या नावाने; लाल नको, त्यातल्या लोहामुळे पाणी गढूळ होतं). एकातच खायचा निळा रंग.

अडचण अशी की पृष्ठभागावर मिठाची साय धरते आणि पाणी उडणं मंदावतं. क्षार कडांवरून चढून बाहेरही येतात, काठाला बोट लावलं की पांढरे खडे हाताला लागतात. कडांना व्हॅसलीन लावलं तर थांबेल का?

मुख्य प्रश्न वेगळा. 20 अंशांना 100 ग्रॅम पाण्यात पोटॅश 34 ग्रॅम विरघळतं, 80 अंशांना 51. मीठ मात्र 36 वरून 38 वरच. म्हणजे दुपारी गरम द्रावण निथळून फ्रिजमध्ये ठेवलं तर मुख्यतः पोटॅशच खाली बसायला हवं. पण निथळायचं नेमकं केव्हा? बॅटरीच्या हायड्रोमीटरवर (द्रावणाची घनता मोजायचं साधन) कोणता आकडा धरावा? आणि उन्हात न उडणारा निळा रंग इतवारीत कोणत्या नावाने मागावा?